तीन नंबरची घरघर

आजोबांचा उजवा कान कामातून गेला होता. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये काढून ज्याचे दोन्ही कान शाबूत राहिले, तो माणूस पंपाजवळ कमी आणि चहाच्या टपरीवर जास्त असणार, असं त्यांचं मत होतं. डावा कान मात्र तिखट होता. लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचा, मूठ डाव्या कानाला लावायची, उजव्या कानात बोट घालायचं आणि डोळे मिटायचे. एवढ्यावर ते सांगून टाकायचे, "ग्रीस सुकलंय," नाहीतर "आठवडा काढेल, पुढचं माझ्याकडून लिहून घेऊ नका." इंजिनियर लोक आधी हसायचे आणि आठवड्याने पाने घेऊन पंप उघडायला यायचे.

पंप चार होते. त्यांतला तीन नंबर सगळ्यांत जुना. सुरू झाला की असा घरघरायचा की नवा माणूस घाबरून बटण बंद करायला धावायचा. पण बाकीचे तिघे आळीपाळीने आजारी पडले, तीन नंबर एकदा सोडला तर कधी नाही. त्यामुळे नात झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या नाकातोंडातून तशीच घरघर ऐकू यायला लागली, तेव्हा आजोबांनी बारशाची वाट न बघता नाव ठेवून टाकलं, तीन नंबर.

"माणसाच्या पोरीला नंबर काय देता, बाबा?" सून म्हणाली होती.

"अगं, तो नंबर सगळ्यांना मिळत नाही," आजोबा म्हणाले.

सून हसली नव्हती. हसण्याचे ते दिवसच नव्हते. बाळ दोन दिवसांचं असताना डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं होतं की बाळाला डाउन सिंड्रोम आहे. मुलगा जमिनीकडे बघत राहिला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आठवड्यातून दीड दिवस घरी असतो, आणि घाटात ब्रेक गेले तरी बोलणार नाही असा त्याचा स्वभाव. सुनेने पर्समधून पेन काढून सगळं लिहून घेतलं. आजोबांनी एकच विचारलं होतं, "हा आवाज कसला?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अशा बाळांच्या श्वासाच्या नळ्या मुळात अरुंद असतात, स्नायू सैल असतात, म्हणून आवाज येतो. तो राहणार. "त्याची सवय करून घ्या," त्या म्हणाल्या. घराने सवय करून घेतली, आणि ती पुढे नडली.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हृदयात बारीक छिद्र आहे, ते बंद होतंय का बघू. दुसरी, हिला सर्दीपासून जपा. आरएसव्ही म्हणून एक विषाणू असतो, मोठ्या माणसाला दोन शिंका देऊन निघून जातो, पण अशा बाळाच्या छातीत उतरला तर दवाखाना दाखवतो. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी. दिवसभर लोकांचे खोकले अंगावर घेणारी. तिला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी दारावर जाड पेनने लिहिलेला कागद लागला. चपला बाहेर. हात कोपरापर्यंत धुवा. पापा घेऊ नये. सर्दी असल्यास उंबऱ्यावरूनच बोला. एक चुलत सासूबाई तो कागद वाचून "आम्ही काय रोग घेऊन फिरतो का" म्हणत जिन्यावरून परत गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. कागदाचा हाही एक उपयोग, असं आजोबा म्हणाले.

सहाव्या महिन्यात हृदयाची तपासणी झाली. छिद्र बंद झालं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी पडद्याकडे बघत सांगितलं, "हृदय उत्तम आहे." ते हृदयाचे डॉक्टर, ते हृदयापुरतंच बोलले. ऐकणाऱ्यांनी त्यातला 'उत्तम' तेवढा घरी आणला. सहा महिने ज्या भीतीने घराचा दम कोंडला होता तिचं नाव हृदय असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, त्यामुळे हृदय सुटलं तसे सगळेच सुटले. मुलाने दारावरचा कागद काढला. चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले. सुनेची रजा संपून महिना उलटला होता, दुकानाचा मालक फोनवर गोड बोलायचा बंद झाला होता. ती कामावर जायला लागली.

आणि दिवसपाळी आजोबांकडे आली.

त्यांनी ती पंपहाऊससारखीच चालवली. जाड पुठ्ठ्याची वही आणली, पट्टीने रकाने आखले. वेळ, दूध, झोप, आवाज, शेरा. शेवटी दोन सह्यांच्या जागा, एक नोंद घेणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. पंपहाऊसमध्ये दोन सह्यांशिवाय तासाचा कागद पुरा धरत नसत. सून संध्याकाळी आली, हातपाय धुऊन बाळाला घेतलं की आजोबा वही पुढे करायचे.

"मी तपासनीस का?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"तू मालकीण. मी नोकर माणूस. सही कर."

तिने हसून सही केली. त्या घरातलं पहिलं हसू, सहा महिन्यांनंतरचं. आजोबांना त्या सहीचं फार होतं. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत त्यांच्या हातून झालेलं काम कुणी तपासायच्या लायकीचं समजलं नव्हतं. सकाळी दहाला दूध पिऊन ती पोर त्यांच्या छातीवर पालथी झोपायची, मऊ, सैल, ओल्या टॉवेलसारखी अंगाला धरून, आणि तिची घरघर त्यांच्या फासळ्यांतून वर यायची. त्या तासासाठी ते रात्र काढत असत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कागद गेला तरी सुनेने एक नियम ठेवला होता. रोज सकाळी निघताना ती विचारायची, "बाबा, नाक? घसा?" आणि आजोबा सांगायचे, "ठणठणीत."

शनिवारी उठल्या उठल्या त्यांना दोन शिंका आल्या. घसा खरवडल्यासारखा झाला. सून दारात चप्पल घालत होती.

"बाबा, नाक? घसा?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात झटकन झाला. तिला रजा मागावी लागली असती, आणि मालक आता रजा देणार नव्हता. हे कारण खरं होतं. पण ते दुसरं कारण होतं. पहिलं कारण असं की दहाचा तास गेला असता. आठवडाभर खोलीत बसून भिंतीपलीकडची घरघर ऐकावी लागली असती.

"ठणठणीत," आजोबा म्हणाले.

न घेतलेलं रीडिंग त्यांनी एकतीस वर्षांत कधी कागदावर चढवलं नव्हतं. ह्या बाबतीत त्यांचा ताठा इतका होता की हाताखालची माणसं मागे टिंगल करायची. आणि घरच्या वहीत पाचव्या आठवड्यात त्यांनी खोटं चालवून घेतलं. तोंडाला रुमाल बांधला, हात साबणाने सालं निघेपर्यंत धुतले, आणि मनाला समजावलं की मोठी सर्दी असती तर सांगितलंच असतं. मंगळवारपर्यंत सर्दी गेलीही. मागे कोरडा खोकला राहिला, तो त्यांनी जुन्यात जमा केला.

बुधवारी तीन नंबरचं नाक वाहायला लागलं. संध्याकाळी सून तिला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. छाती सध्या साफ आहे, ते म्हणाले, पण दूध कमी झालं किंवा श्वास जोरात चालला तर थांबू नका. सुनेने घरी येऊन आजोबांना ते शब्द जसेच्या तसे सांगितले. मग बाथरूममध्ये जाऊन दुकानाचा कोट तिने दोनदा धुतला.

गुरुवारी घरघर वाढली. रात्रभर ती अशी चालली की कुणाचा डोळा लागला नाही. शुक्रवारी सकाळी सून निघाली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. काउंटरवरची दुसरी मुलगी आजारी होती, सुट्टी मागायची सोय नव्हती.

"जरा काही वाटलं तर फोन," ती म्हणाली.

"तू जा. मी आहे ना."

आजोबा होते. थकलेले, खोकत, पण तासाला नोंद घेत होते. सात वाजता दूध नव्वद मिली. साडेनऊला साठ. बाराला चाळीस. मागच्या पानावर गुरुवारचे आकडे होते, एकशेवीस, एकशेदहा, शंभर. सगळं सुवाच्य अक्षरात. पंपहाऊसमध्ये नव्या पोरांना ते ओरडून सांगायचे की अरे गाढवा, आकडा नुसता लिहू नकोस, वरच्या आकड्याशी ताडून बघ. रात्रभर जागलेल्या म्हाताऱ्याला आज ते ओरडायला कुणी नव्हतं.

दहाचा तासही आज झाला नव्हता. तिला छातीवर घेतलं की ती धडपडायची, मान मागे टाकायची. म्हणून पाळण्यात ठेवून ते बाजूला बसले होते. घरघर चालूच होती, मधे शीळ, मधे ओढ. ऐकून ऐकून त्यांचं डोकं भणभणलं होतं.

साडेबाराला आवाज कमी झाला. हळूहळू थांबलाच. आजोबांनी वाकून बघितलं. डोळे मिटलेले, हात दोन्ही बाजूंना सुटलेले. लागला एकदाचा डोळा, त्यांना वाटलं. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. वही घेऊन त्यांनी लिहिलं, '१२.३० – घरघर बंद. झोप शांत. छान.'

एकच्या सुमाराला सुनेचा फोन आला. मागे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका.

"कशी आहे?"

"झोपलीय. घरघरही नाही," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "तीन नंबर एकदम गोड चालतोय."

"खरंच?" पलीकडे तिने सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. "मग मी डबा खाऊन घेते, बाबा. सकाळपासून पोटात काही नाही."

"बसून खा."

फोन ठेवून ते मोरीत बाटल्या घासायला बसले. बाटलीत ब्रश फिरवताना त्यांच्या डोक्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं. शब्द. गोड चालतोय. हे आपण आत्ता बोललो, पण हे आपलं वाक्य नव्हे. हे कुणाचं?

आणि त्यांना आठवलं.

वीस वर्षांपूर्वी असंच दुपारी घरी फोन आला होता. नवा ऑपरेटर, महिनाभर झालेला, आनंदात होता. साहेब, तीन नंबर आज एकदम गोड चालतोय, आवाजच नाही. आजोबा हातातला घास ताटात टाकून सायकलवर निघाले होते. पोचले तेव्हा पंप खरोखर छान गुणगुणत होता, आणि मीटरचा काटा खाली पडला होता. पंपाने हवा घेतली होती. पाणी उचलत नव्हता, नुसता फिरत होता. आत सील जळत चाललं होतं आणि अर्ध्या गावाचे नळ सुकले होते. त्या पोराला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं ते वाक्य पुढे पंपहाऊसची म्हणच झालं. ओढतोय तोवर कुरकुरणारच. गोड वाटला की धावत ये.

ही गोष्ट त्यांनी सुनेला दहादा तरी सांगितली होती. शेवट तीच सांगायची आता, कंटाळून.

बाटली मोरीत पडली. ते पाळण्याशी आले. आधी लांबून बघितलं होतं, आता झबलं वर करून बघितलं. फासळ्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग शाई लागलेल्या बोटासारखा. त्यांनी डावा कान छातीला लावला, उजव्यात बोट घातलं. आत बारीक, वरवरची, घाईची हालचाल. मग काहीच नाही. त्यांनी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग पुन्हा ती घाई.

"तीन नंबर," त्यांनी हाक मारली. "ए बाळा. ए माझे आई." तिने डोळे उघडले नाहीत.

त्यांनी घड्याळ बघितलं, तीही सवयच. दीड वाजला होता. एक तास गेला होता.

जिन्याखाली किल्ल्या करणाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या कुलपांवर विनोद करणारा माणूस. आजोबा अनवाणी, एका हातात बाळ आणि काखेत वही घेऊन खाली आले, तेव्हा त्याने एकही विनोद केला नाही. दुकान उघडं टाकून त्याने गाडी काढली.

दवाखान्यात बाळाला त्यांच्या हातातून घेतलं गेलं. पंपहाऊससारखंच सगळं होतं तिथे, मीटर, नळ्या, आकडे, आणि प्रत्येक आकड्याला शिट्टी. इवल्या नाकावर ऑक्सिजन लागला. एका सिस्टरने नाकातला चिकटा नळीने ओढून काढला. तरुण डॉक्टरीण होती, चेहऱ्यावर दोन पाळ्यांचा शीण. फोन गेल्यावर मागोमाग सून आली, अंगात दुकानाचाच कोट, बोटांना अजून डब्यातलं तेल.

"दूध किती पीत होती?" डॉक्टरने विचारलं.

आजोबांनी वही दिली. डॉक्टरचं बोट रकान्यावरून खाली उतरलं. एकशेवीस, एकशेदहा, शंभर, नव्वद, साठ, चाळीस. "अशी नोंद आम्हाला कुणी देत नाही," ती म्हणाली. "कालपासूनच उतरतंय हे." मग तिचं बोट थांबलं. "साडेबारा. हे 'छान' कुणी लिहिलंय?"

"मी," आजोबा म्हणाले.

"म्हणजे तासभर असं होतं?"

"तासभर."

डॉक्टरने पेन काढून कागदावर काहीतरी लिहिलं. "घरात कुणाला सर्दी-खोकला?"

"नाही," सून लगेच म्हणाली. "मी रोज विचारते. बाबांना रोज सकाळी विचारते मी. कुणालाच नाही."

तिच्या आवाजात जो विश्वास होता तो आजोबांना सहन झाला नाही. गप्प राहता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

"मला होती," ते म्हणाले. "शनिवारपासून. हिला ठणठणीत म्हणून सांगितलं. दिवसभर बाळाला मीच घेऊन होतो."

सुनेने त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसतीच बघत राहिली, दिवसभर उभं राहून पाय गेलेल्या माणसासारखी.

डॉक्टर समजावत होती. बहुतेक आरएसव्ही असणार, तपासणीला पाठवतो. कुणाकडून आला ते सांगता येत नाही, दुकानातूनही येऊ शकतो, कुठूनही. हृदय बरं झालं ही चांगली गोष्ट, पण त्याने हा धोका गेला असं नाही. नळ्या अरुंद, स्नायू सैल, प्रतिकार कमी. श्वास ओढून ओढून बाळ दमलं, म्हणून आवाज बंद पडला. येत्या दोन दिवसांत कळेल. कदाचित मशीनवर घ्यावं लागेल.

आजोबांना त्या क्षणी खोकला आला. दाबायला गेले तसा दुप्पट आला. सिस्टर वळून म्हणाली, "काका, तुम्हाला इथं थांबता येणार नाही. आत सगळी अशीच बाळं आहेत."

ते दाराकडे निघाले. मागून सुनेचा आवाज आला, अगदी साधा.

"बाबा. ती पंपाची गोष्ट तुम्हीच सांगायचात ना?"

ते घरी आले. किल्लीवाल्याने चहा पाठवला, तो तसाच निवला.

मुलगा दुसऱ्या दिवशी माल अर्ध्या वाटेत दुसऱ्याच्या गाडीवर चढवून आला. दवाखाना आणि घर अशा फेऱ्या घालू लागला. कपडे न्यायचा, डबा न्यायचा, दोन शब्द सांगायचा. "ऑक्सिजन वाढवलाय." "मशीनवर नाही घेतलं अजून." "नाकातल्या नळीनं दूध देतायत." सुनेबद्दल आजोबा विचारायचे नाहीत आणि तो सांगायचा नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तो दारात घुटमळला.

"वही तिच्याजवळ आहे," तो म्हणाला. "तासाला लिहिते."

"सही?"

"ते नाही बघितलं."

आजोबांनी त्या दिवसांत एकच काम केलं. जाड पेन शोधून दारावर, चिकटपट्टीच्या त्याच चार डागांवर, नवा कागद लावला. सर्दी असल्यास उंबऱ्यावरूनच बोला, हे वाक्य त्यांनी सगळ्यांत वर घेतलं. कंसात लिहिलं, घरच्यांनी सुद्धा. मग आत येऊन रिकाम्या पाळण्याशेजारी बसले. घर शांत होतं. इतकी वर्षं कानात आवाज भरून जगलेल्या माणसाला ती शांतता गिळवत नव्हती. पोर गेली तर ते 'छान' आपल्या अक्षरात मागे राहील, आणि सून ते जन्मभर वाचेल, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. ते रडले. कुणी बघणारं नव्हतं, त्यामुळे पुसायचीही घाई नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी चारला फोन वाजला. सुनेचा नंबर.

"हॅलो," आजोबा म्हणाले.

पलीकडून कुणी बोललं नाही. कपड्याची सळसळ ऐकू आली, मग एक बारीक, अखंड फुसकारा. त्यांना वाटलं चुकून लागला असेल. पुन्हा हॅलो म्हणणार तेवढ्यात त्यांना कळलं. फोन कुणाच्या तोंडाजवळ नव्हता. तो छातीजवळ धरला होता.

त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. उजव्यात बोट घातलं. डोळे मिटले. फुसकारा ऑक्सिजनचा, तो त्यांनी बाजूला काढला. त्याच्याखाली, लांबून, जुन्या मोटारीसारखं काहीतरी धरत होतं, सुटत होतं, पुन्हा धरत होतं.

"जरा वर घे," ते म्हणाले. "नाकाजवळ."

सळसळ झाली. आणि मग ती आली. ओबडधोबड, ओली, चिडलेली घरघर. एक, दोन, तीन, त्यांनी मोजलं. वीसपर्यंत मोजलं. कुठे खंड नव्हता.

"बाबा?" सुनेचा आवाज. बसलेला, झोप नसलेला.

"ओढतेय," आजोबा म्हणाले. मग पुन्हा, "पाणी उचलतेय ती."

"सकाळी ऑक्सिजन कमी केला त्यांनी. चिडचिड करतेय. सिस्टर म्हणाली आवाज फार येतोय. मी म्हटलं येऊ द्या."

"येऊ दे."

मधे घरघर चालू होती, ती दोघंही ऐकत होते.

"मी तुमच्यावर फार चिडलेय," सून म्हणाली. "अजून गेलेलं नाही ते."

"जायला नकोच."

"पण गुरुवारच्या पानावर माझी सही आहे. एकशेवीस, एकशेदहा, शंभर, आणि त्याखाली मी. सगळं लिहिलेलं होतं तिथं. मी बघितलंच नाही, बाबा. उभ्या उभ्या सही केली आणि बाळाला घेतलं. सहा दिवस तेच पान बघतेय."

"दमलेली होतीस."

"तुम्हीही दमलेले होता."

आजोबांना खोकला आला. त्यांनी फोन लांब धरून तो होऊ दिला. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज झाला.

"चारची नोंद राहिलीय," ती म्हणाली. "आकडे मी लिहिले. आवाजाच्या रकान्यात काय लिहू? सहा दिवस तो कोराच आहे. मला नाही समजत ते."

"घरघर सुरू, असं लिही."

पेन कागदावर चालल्याचं त्यांना ऐकू आलं, किंवा वाटलं.

"शेऱ्यात?" तिने विचारलं. "छान लिहू?"

"नको," आजोबा म्हणाले. "ते नको लिहूस. नुसतं चालू लिही."

तिने लिहिलं. मग म्हणाली, "नोंद घेणाऱ्याची सही मी करतेय. तपासणाऱ्याची जागा मोकळी ठेवते."

आजोबांनी उजव्या कानातलं बोट काढलं.

"खोकला पूर्ण गेला की या," ती म्हणाली. "आधी नाही. पण या आणि सही करा. तोवर रोज चारला मी फोन धरते."